एका वेळी एकच पाहुणा

जानेवारी १९७८. तुम्ही शिकागोच्या एका गल्लीत उभे आहात. उभ्या गाड्या कुठे संपतात आणि बर्फाचे ढीग कुठे सुरू होतात, ते ओळखता येत नाही. कोणीतरी घाम गाळून फावड्याने आपल्या गाडीपुरती जागा मोकळी केली आहे आणि ती दुसऱ्याने बळकावू नये म्हणून तिथे स्वयंपाकघरातली खुर्ची आणून मांडली आहे. या शहरात तो अलिखित हक्क आहे. खुर्ची दिसली की लोक निमूट गाडी पुढे नेतात. मिशिगन सरोवरावरून येणाऱ्या वाऱ्याने कानाच्या पाळ्या बधिर होतात. आज कामावर पोचणे कठीण, शेजारच्या उपनगरात जाणे त्याहून कठीण. फोन मात्र चालू आहेत. तारा बर्फाखालून आणि बर्फावरून गावभर पसरलेल्या आहेत आणि त्यांना वादळाचे काही देणेघेणे नाही.

शहराच्या दक्षिणेला डॉल्टन नावाचे उपनगर आहे. तिथे वॉर्ड ख्रिस्टनसन नावाचा एक माणूस घरात अडकून पडला आहे. वय बत्तीस, नोकरी आयबीएममध्ये, आणि घरात स्वतःचा कम्प्युटर. १९७८ मध्ये या शेवटच्या गोष्टीचा अर्थ काय, ते नीट समजून घ्या. ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या मुखपृष्ठावर आल्टेअर ८८०० झळकून जेमतेम तीन वर्षे झाली आहेत. ॲपल टू, कमोडोर पेट, रेडिओ शॅकचा टीआरएस-८० ही गेल्याच वर्षीची बाळे. स्वतःचा कम्प्युटर असणे म्हणजे बहुधा तो स्वतःच्या हाताने डाग देऊन जोडलेला असणे. तो बिघडला तर दुरुस्तीला न्यायला दुकान नाही. जे काही कळेल ते दुसऱ्या वेड्याकडूनच कळणार.

म्हणून अशा वेड्यांचे क्लब आहेत. शिकागोतल्या क्लबचे लांबलचक नाव ‘शिकागो एरिया कम्प्युटर हॉबिइस्ट्स एक्स्चेंज’, आणि त्याच्या आद्याक्षरांवरून सगळे त्याला ‘कॅश’ म्हणतात. क्लबच्या बैठकीत भिंतीवर कॉर्कचा एक फळा असतो. त्यावर टाचणीने कार्डे खोचलेली. कोणाला बैठकीला यायला गाडीत जागा हवी आहे, कोणाला काही विकायचे आहे, कोणाला काही विचारायचे आहे. आपल्याकडे वाचनालयाच्या दारात खडूने लिहिलेला फळा असतो आणि जाता-येता माणसे थांबून तो वाचतात, त्याच जातीची ही वस्तू. फक्त हा फळा बैठकीपुरताच उघडा. बैठक संपली, दिवे मालवले की पुढच्या बैठकीपर्यंत त्या कार्डांना कोणी वाचक नाही.

वॉर्ड फोन उचलतो आणि क्लबातल्याच रँडी सूसला लावतो. त्याच्या डोक्यात एक योजना आहे. सभासदांनी घरून फोनवरून क्लबच्या कम्प्युटरला जोडून घ्यावे आणि वार्तापत्रासाठी मजकूर पाठवावा. रँडीचे म्हणणे असे पडते की क्लबला मध्ये आणले तर समिती नेमली जाईल आणि समितीने काही उभे राहत नाही. हे आपण दोघांनीच करू. यंत्र मी जोडतो, प्रोग्रॅम तू लिही. आणि बोलता बोलता वार्तापत्र मागे पडते, कॉर्कचा फळा पुढे येतो.

मला या संभाषणात सगळ्यात मोलाची वाटते ती कामाची वाटणी. दोन माणसे, दोन हातखंडे, आणि परवानगी कोणाचीच नको. काम पंधरवड्यात उभे राहिले. इतक्या लवकर झाले हे कोणालाच पटणार नाही म्हणून आपण महिना सांगत आलो, असे वॉर्डने पुढे सांगितले. म्हणून जगाच्या नोंदीत तारीख आहे १६ फेब्रुवारी १९७८. त्या गुरुवारी ‘कम्प्युटराइज्ड बुलेटिन बोर्ड सिस्टिम’, म्हणजे सीबीबीएस, अधिकृतपणे सुरू झाली.

आता रँडीच्या घरी चला, तळघरात. यंत्र तिथे का, वॉर्डकडे का नाही, याचे उत्तर फोनच्या बिलात आहे. डॉल्टन एका टोकाला, तर रँडी खुद्द शिकागो शहरात राहतो. चारी बाजूंच्या उपनगरांतून त्याच्याकडे फोन करणे जास्तीत जास्त लोकांना स्वस्तात पडते. घरून फोन करून वाचता येणारा जगातला पहिला सार्वजनिक कम्प्युटर-फळा कुठे टांगायचा, हे टेलिफोनच्या दरपत्रकाने ठरवले.

समोर जे दिसते त्याला कम्प्युटर म्हणायला तुमची जीभ अडखळेल. एस-१०० पद्धतीच्या खाचांची एक पेटी, तिच्या खाचांमध्ये उभी खोचलेली कार्डे. त्यांतले एक कार्ड म्हणजे मॉडेम, डेनिस हेझच्या नव्या कंपनीचे. शेजारी आठ इंची फ्लॉपीचा ड्राइव्ह. त्या एका फ्लॉपीवर जेवढे मावते त्यापेक्षा तुमच्या मोबाइलमधला एक फोटो कितीतरी मोठा असतो. सगळा प्रोग्रॅम, सगळे निरोप, येणाऱ्यांची नोंद, सारे काही त्या लवचिक चकतीवर. वॉर्डने प्रोग्रॅम लिहिला आहे ८०८० प्रोसेसरच्या असेंब्ली भाषेत, एकेक सूचना मोजून, कारण इथे एक बाइटही उधळता येत नाही.

मॉडेम थेट टेलिफोनच्या तारेला जोडलेला आहे, याकडेही पाहा. दहा-बारा वर्षांपूर्वी हा गुन्हाच ठरला असता. अमेरिकेतली बहुतेक टेलिफोन सेवा बेल सिस्टिमच्या हातात होती, आणि तिच्या तारेला परकी वस्तू लावायला बंदी होती. टेक्सासच्या टॉम कार्टरने आपल्या रेडिओ-जोडणीच्या उपकरणासाठी लढा दिला आणि १९६८ मध्ये सरकारी आयोगाने त्याच्या बाजूने निकाल दिला. त्या निकालाने जे दार किलकिले झाले, त्यातूनच पुढे घराघरांत मॉडेम शिरला. रँडीच्या तळघरातली ती तार त्या निकालाची नात आहे, म्हणा ना.

फोन वाजतो. वाजताक्षणी यंत्र जागे होते. फ्लॉपीचा खडखडाट होतो, चकतीवरून प्रोग्रॅम स्मृतीत चढतो, मॉडेम फोन उचलतो आणि तारेवर एक लांब, सरळ शीळ सोडतो. पलीकडचा माणूस निघून गेला की पुन्हा वाट पाहणे. येणाऱ्या प्रत्येकासाठी दुकान नव्याने उघडते. ही योजना गरजेतून आली आहे, पण तिच्यात एक अगत्य आहे. कोणी आले तर उठून दार उघडायचे, एवढेच या यंत्राला शिकवलेले आहे.

बर्फ वितळू द्या. एप्रिल उजाडला आहे आणि आता तुम्ही शहराच्या पश्चिमेला ओक पार्कमध्ये, स्वतःच्या जेवणाच्या टेबलाशी बसला आहात. रात्रीचे साडेदहा. मुले झोपली आहेत. टेबलावर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे ‘सायलेंट ७००’ टर्मिनल आहे, ऑफिसातून शनिवार-रविवारसाठी उचलून आणलेले. त्याला पडदा नाही. कळफलक आहे, उष्णतेने अक्षर उमटणाऱ्या कागदाचे भेंडोळे आहे, आणि मागच्या बाजूला रबराच्या दोन वाट्या आहेत. टेलिफोनचा रिसीव्हर त्या वाट्यांत घट्ट बसवायचा. म्हणजे टर्मिनल फोनशी तोंडाने बोलते आणि कानाने ऐकते.

नंबर फिरवा. एंगेज. पुन्हा फिरवा. एंगेज. रँडीकडे तार एक आणि पेटी एक. आत कोणीतरी आहे आणि तो बाहेर येईपर्यंत तुम्ही बाहेरच. डायल पूर्ण फिरून मागे येते तोवर बोट अवघडते. तुम्ही चहा ठेवता, परत येता, पुन्हा फिरवता. या शहरात आणखी कोण कोण आत्ता हाच नंबर फिरवत असेल, याचा तुम्हाला पत्ता नाही. तुम्ही सगळे एकाच दारापुढे उभे आहात आणि एकमेकांना दिसत नाही.

आणि मग रिंग जाते. एक, आणि लगेच ती शीळ. २२२५ हर्ट्‌झची, स्वच्छ, जरा टोचणारी. घाई करा, रिसीव्हर वाट्यांत दाबा. तुमचे टर्मिनल आपल्या खालच्या सुरात उत्तर देते. दोन्ही बाजूंना दोन-दोन सूर वाटून दिलेले आहेत, एक शून्यासाठी, एक एकासाठी, म्हणून एकाच तारेवर दोघांना एकाच वेळी बोलता येते. ही बेल कंपनीचीच १९६० च्या दशकातली युक्ती आहे. आता रिटर्नची कळ चार-दोनदा दाबा. पलीकडचे यंत्र त्यावरून ताडते की तुम्ही कोणत्या वेगाने बोलता आहात. जुन्या टेलिटाइपवाले सेकंदाला दहा अक्षरांनी येतात, तुम्ही तीस अक्षरांनी.

तीस अक्षरे सेकंदाला. हा वेग अंगात भिनू द्या, कारण या प्रवासात मला तुम्हाला दाखवायचे आहे त्यातले निम्मे याच्यात आहे. ऐंशी अक्षरांची एक ओळ यायला पावणेतीन सेकंद. चोवीस ओळींचे एक पान यायला मिनिटाहून जास्त. तुम्ही वाचता त्याच्या जवळपास बरोबरीनेच मजकूर येतो. डोळा पुढे पळू शकत नाही, चाळता येत नाही, वगळता येत नाही. कोणी लिहिलेले वाक्य त्याच्या क्रमाने, शब्दामागून शब्द, तुमच्यासमोर घडते. मी आयुष्यात पुष्कळ वाचले आहे, पण दुसऱ्याचे म्हणणे इतक्या सक्तीच्या सबुरीने ऐकायला लावणारे माध्यम मला दुसरे माहीत नाही.

फळा आधी तुमची विचारपूस करतो. तुमच्या टर्मिनलला लहान लिपीतली अक्षरे छापता येतात का? तुम्हाला किती नल हवेत? हा प्रश्न आज कोणाला कळणार नाही, तेव्हा सांगतो. ओळ संपली की छापणाऱ्या टर्मिनलचे डोके उजव्या टोकापासून डाव्या टोकाला परत यावे लागते. त्याला क्षणभर लागतो. त्या क्षणात पुढची अक्षरे आली तर ती वाटेतच कुठेतरी छापली जातात. म्हणून यंत्र विचारते की ओळीच्या शेवटी मी किती रिकाम्या खुणा पाठवू, म्हणजे तुझ्या यंत्राला दम घ्यायला वेळ मिळेल. प्रोग्रॅम इतका आखडता हात ठेवून लिहिलेला, आणि तरी त्यात पाहुण्याच्या यंत्राच्या धापेची सोय आहे. ज्याने तो प्रश्न तिथे ठेवला, त्याने नक्कीच कोणाच्या तरी टेबलावरचे टर्मिनल डोळ्यांपुढे आणले असणार.

नाव सांगा. खरे नाव, गाव. मग एकेका अक्षराच्या आज्ञा. एस म्हणजे निरोपांची यादी, आर म्हणजे निरोप वाचणे, ई म्हणजे लिहिणे, के म्हणजे आपला निरोप खोडणे, जी म्हणजे निरोप घेणे. तुम्ही एस दाबता. कागद हलतो. यादीत विषय आहेत, नावे आहेत, तारखा आहेत. मेमरीचे कार्ड विकणे आहे. सीपीएम ही ऑपरेटिंग सिस्टिम एका विशिष्ट ड्राइव्हवर चालत नाही, कोणी चालवले आहे का? बैठकीची तारीख. तुम्ही एक निरोप उघडता. कोणीतरी आपल्या यंत्राचा वीजपुरवठा तापतो म्हणून विचारले आहे. तुम्हाला उत्तर माहीत आहे, कारण गेल्या हिवाळ्यात तुमचाही तापत होता.

इथे थांबा जरा. हा विचारणारा कोण, त्याचे वय काय, तो कसा दिसतो, हे तुम्हाला ठाऊक नाही. त्याने विचारले तेव्हा तुम्ही तिथे नव्हता, तुम्ही उत्तर द्याल तेव्हा तो झोपलेला असेल. फोनवर बोलायचे तर दोघांनी एका वेळी हजर असावे लागते. पत्र लिहायचे तर पत्ता लागतो, म्हणजे ओळख आधी लागते. इथे अनोळखी माणसाने गावाला उद्देशून विचारले आणि गावातल्या ज्याला माहीत होते त्याने उत्तर दिले. तुम्ही ई दाबता आणि लिहू लागता. जपून लिहा. मागे जाऊन वाक्य सजवण्याची सोय तुटपुंजी आहे आणि बाहेर माणसे खोळंबली आहेत.

लिहिता लिहिता दार आपटते. मोठा मुलगा पाणी प्यायला उठला आहे. रबराच्या वाट्यांतून तो आवाज तारेत शिरतो आणि कागदावर तुमच्या वाक्यात मध्येच कचरा उमटतो, महिरपी कंस आणि भलतीच चिन्हे. तुम्ही ओठांवर बोट ठेवता. तो तुमच्याकडे, त्या गुरगुरणाऱ्या कागदाकडे आणि वाट्यांत उलट्या झोपवलेल्या रिसीव्हरकडे पाहत उभा राहतो.

आणि तेवढ्यात कागदावर आपोआप अक्षरे येऊ लागतात. तुम्ही काही दाबलेले नाही. हे यंत्राचे ठरावीक वाक्यही नाही, कारण अक्षरे अडखळत येत आहेत, मध्ये एक चुकते आणि पुन्हा लिहिले जाते. तिकडे तळघरात कोणीतरी बसलेले आहे. वॉर्ड आणि रँडी अनेकदा आलेल्याचे लिखाण पडद्यावर पाहत बसत आणि वाटले तर मध्येच बोलू लागत. तुम्ही पहिल्यांदाच आलात का? कुठून? टर्मिनल कोणते? तुमच्या हाताला घाम फुटतो. या क्षणापर्यंत तुम्ही यंत्राशी व्यवहार करत होता. यातून एक गमतीदार गोष्टही घडली होती. काही नेहमीच्या येणाऱ्यांना शंका असे की वॉर्ड आणि रँडी खरेच आहेत की तेही प्रोग्रॅमचाच भाग. तुम्ही ‘ओक पार्क’ असे लिहिता आणि पलीकडून स्वागत येते. घरमालक दारापर्यंत आला आहे.

‘घरमालक’ हा शब्द मी विचार करून वापरतो आहे. त्या फळ्यावर येणाऱ्याला एक पैसा मोजावा लागत नसे. जागा रँडीच्या घरातली, वीज त्याच्या मीटरवरची. दिवसाचे चोवीस तास एका अनोळखी जमावासाठी राखून ठेवलेली टेलिफोनची तार त्याच्याच घरात आलेली. वॉर्डच्या रात्री त्या प्रोग्रॅममध्ये गेलेल्या. कम्प्युटरच्या जाळ्यांचा इतिहास सांगताना सैन्याचे पैसे, विद्यापीठांचे प्रकल्प यांची नावे आधी येतात, आणि अर्पानेट १९६९ पासून चालू होतेच. पण त्या जाळ्यात तुम्हाला कोणी घेतले नसते. ज्याच्याकडे कुठले पद नाही, कुठल्या संस्थेचा शिक्का नाही, अशा माणसाला घरबसल्या पहिल्यांदा ‘या, बसा, लिहा’ म्हटले ते एका भाबड्या वाटणाऱ्या घरगुती पेटीने. त्याआधी १९७३ मध्ये कॅलिफोर्नियात बर्कलीच्या एका रेकॉर्डच्या दुकानात ‘कम्युनिटी मेमरी’चे टर्मिनल ठेवले होते आणि तिथेही वाटसरू येऊन निरोप लिहीत. तोही असाच सुंदर प्रयोग. फरक एवढाच की तिथे दुकानापर्यंत चालत जावे लागे. शिकागोचा फळा घरून वाचता आला.

जी दाबा. तुमच्या मागे कोणी आहे.

पुढचे दिवस भराभर उलटू. नोव्हेंबर १९७८ च्या ‘बाइट’ मासिकात वॉर्ड आणि रँडी दोघांच्या नावाने लेख येतो, फळा कसा बांधला त्याचा सगळा तपशील मांडणारा. तो वाचून गावोगावच्या लोकांनी आपापली पेटी जोडायला घेतली. लपवून ठेवण्यासारखे त्यांना काही वाटलेच नाही. वॉर्डचा स्वभावच तो. आदल्या वर्षी, १९७७ मध्ये, त्याने फोनवरून फाइल पाठवण्याचा एक प्रोग्रॅम लिहिला होता आणि तोही वाटून टाकला होता. पुढे त्याच्या पद्धतीला एक्समोडेम म्हणू लागले आणि वर्षानुवर्षे जगभरचे मॉडेम तीच बोली बोलले.

ती बोली एकदा ऐका, कारण तिच्यात कमालीचा साधेपणा आहे. फाइलचे १२८ बाइटांचे तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी त्यातल्या बाइटांची बेरीज लावायची, तीही सगळी नाही, शेवटचे आठ बिट पुरेत. घेणारा स्वतः बेरीज करतो. जुळली तर ‘पोचले’ अशी एक खूण परत पाठवतो, नाही जुळली तर ‘पुन्हा पाठव’ अशी दुसरी. पाठवणारा तोच तुकडा पुन्हा पाठवतो. तीनशेच्या, म्हणजे सेकंदाला तीस अक्षरे पाठवणाऱ्या, मॉडेमवर एका तुकड्याला साडेचार सेकंद लागतात. सोळा किलोबाइटांचा प्रोग्रॅम म्हणजे असे १२८ तुकडे, म्हणजे दहा मिनिटे. त्या दहा मिनिटांत तार खरखरते, कोणी दुसऱ्या खोलीतला फोन उचलते, पण प्रोग्रॅम शेवटी अखंड पोचतो. खराब तारेवर विसंबून चोख काम कसे करून घ्यायचे, हे त्या काळच्या माणसांना पक्के ठाऊक होते, आणि आपल्याकडच्या तारांवर ते ज्ञान पुढे फार उपयोगी पडणार होते.

आता सहा वर्षे पुढे, १९८४, सॅन फ्रान्सिस्को. एव्हाना अमेरिकेत फळे पुष्कळ झाले आहेत, पण प्रत्येक फळा आपल्या गावापुरता. दुसऱ्या गावचा वाचायचा तर लांब पल्ल्याचा फोन आणि छातीत धडकी भरवणारे बिल. टॉम जेनिंग्ज नावाच्या तरुणाने आपल्या फळ्याचा प्रोग्रॅम लिहिला आहे, त्याचे नाव ‘फिडो’. तिकडे बाल्टिमोरला जॉन मॅडिल तोच प्रोग्रॅम चालवतो. दोघांना एकमेकांच्या यंत्रावर निरोप पाठवायचे आहेत. रात्रीचे दर सगळ्यात कमी. तेव्हा टॉम असे करतो की मध्यरात्रीनंतरचा एक तास माणसांना दार बंद. त्या तासात यंत्रेच एकमेकांना फोन लावतील, दिवसभराची टपाल उरकतील आणि ठेवून देतील. हेच फिडोनेट.

तुम्ही रात्री एक वाजता त्या खोलीत बसला आहात. माणूस कोणी जागा नाही. मॉडेम स्वतःच नंबर फिरवतो, पलीकडून शीळ येते, दिवे लुकलुकतात, थोड्या वेळात तार सुटते. लगेच पुढचा नंबर. खंडाच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाने संध्याकाळी लिहिलेले पत्र या मिनिटाला इथल्या चकतीवर उतरले. पुढे गावातल्या एका फळ्याने बाहेरची सगळी टपाल घ्यायची आणि गावात वाटायची, अशी व्यवस्था आली. डॅलसच्या जेफ रशने एकाच विषयाची चर्चा सगळ्या फळ्यांवर प्रतिध्वनीसारखी पसरवण्याची सोय केली. मालक कोणी नव्हता. प्रत्येक थांबा कोणाच्या तरी घरातला होता आणि तिथून पुढचा फोन त्या घराच्या बिलावर लागत होता.

फिडोनेटने जग झोनांत वाटून घेतले, त्यात आशियाला सहावा क्रमांक मिळाला. आणि म्हणून शेवटचा मुक्काम आपल्याकडे.

मुंबई, १९९० च्या दशकाची सुरुवात. बंगळूरला १९८९ पासून अतुल चिटणीस ‘सिक्स’ नावाचा फळा चालवत आहेत, मुंबईत ‘लाइव्ह वायर’ आहे. इंटरनेट सामान्य माणसाला मिळायला अजून वेळ आहे, विदेश संचार निगम ते १५ ऑगस्ट १९९५ ला देणार. घरी टेलिफोन लागायला माणसे वर्षानुवर्षे थांबलेली आहेत. लागलेल्या फोनवर पावसाळ्यात नुसती खरखर. परगावचा एसटीडी रात्री अकरानंतर चौथाईवर येतो, म्हणून महत्त्वाचे बोलणे तेव्हाच.

या वेळी मी तुम्हाला दाराच्या दुसऱ्या बाजूला बसवणार आहे. तुम्ही दादरला राहता आणि फळा तुमचा आहे. सिस्टिम ऑपरेटर, सगळे सिसॉप म्हणतात. हॉलमध्ये कोपऱ्यात पीसी, त्यावर धूळ बसू नये म्हणून दिवसा टाकलेला पातळ टॉवेल, शेजारी २४०० चा मॉडेम. घरात तार एकच. तेव्हा रात्री दहा ते सकाळी सहा फळा चालू आणि बाकी वेळ फोन घरच्यांचा, असा तह आईशी झालेला आहे. नव्याने आलेल्या काहींनी हे नीट न वाचल्याने दुपारी चारला फोन लावला, आणि आईने ‘हॅलो, हॅलो’ म्हणत ती शीळ ऐकून रिसीव्हर आपटला. तेव्हापासून पहिल्याच पानावर वेळ मोठ्या अक्षरांत लिहिलेली आहे.

बाहेर एक चिंता घोंघावते आहे. दूरसंचार खात्याच्या लेखी तुमची ही पेटी म्हणजे सेवा, आणि १८८५ च्या तार कायद्याखाली सेवेला परवाना लागतो. दशकाच्या मध्यावर तर अशा फळ्यांकडून वर्षाला लाखो रुपयांचे शुल्क मागितले जाते. पगारदार माणूस छंद म्हणून जे रात्री चालवतो, त्यावर लाखो रुपये. हे मला आजही अन्यायाचे वाटते. देशाच्या तारेवर देशातल्याच लोकांनी एकमेकांना फुकट काही शिकवावे, यात कोणाचे काय बुडत होते? ज्यांनी ती वर्षे पदराला खार लावून फळे चालवले, त्यांच्याच हाताखाली पुढे इंटरनेट उभे करणारी कितीतरी मुले तयार झाली.

रँडी सूस डिसेंबर २०१९ मध्ये गेला, वॉर्ड ख्रिस्टनसन ऑक्टोबर २०२४ मध्ये. त्यांचा शिकागोचा फळा बंद झाला तोवर त्यावर अडीच लाखांहून जास्त फोन येऊन गेले होते, बहुतेक काळ एकाच तारेवर. पण दादरच्या या रात्री दोघेही हयात आहेत, आणि त्यांना तुमचे नाव माहीत असण्याचे काही कारण नाही.

साडेअकराला फोन वाजतो. मॉडेम उचलतो. नाव नवे आहे, गाव ठाणे. येणारा आज्ञांच्या पानावर अडकला आहे, हे तुम्हाला पडद्यावर दिसते. एक कळ दाबतो, थांबतो, चुकीचे पान येते, परत मागे जातो. बाहेर तीन-चार जण एंगेज ऐकत असणार, त्यांच्यासाठी याची अर्ध्या तासाची मुदत तुम्हीच घालून दिलेली आहे. तुम्ही खुर्ची ओढता आणि मध्ये शिरता. रोमन लिपीतल्या मराठीत लिहिता, कारण इथे दुसरी लिपी चालत नाही: नमस्कार, मी सिसॉप, काय शोधताय?

पलीकडे काही क्षण काहीच हलत नाही. मग एकेक अक्षर येऊ लागते. तुम्ही खरे आहात का, असे तो विचारतो. हो, खरा, तुम्ही लिहिता. तो सांगतो की कॉलेजात प्रोजेक्ट आहे, सीमध्ये ग्राफिक्सचा प्रोग्रॅम लिहितोय, रेघ काढली की यंत्र लटकते. तुम्ही त्याची मुदत वीस मिनिटांनी वाढवता आणि त्याला सांगता, कोड पाठव, बघू या.